श्वास नेमका घेतं कोण?



चौथीच्या परिसर अभ्यासापासून आपण एक वाक्य घोकत आलो आहोत. श्वसनाचं इंद्रिय कोणतं? फुफ्फुसं! परीक्षेत या उत्तराला पूर्ण मार्क मिळतात. पण इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर हे उत्तर निम्मंच आहे. फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. कधी फुगायचं, किती फुगायचं, मिनिटाला किती वेळा, यातलं काहीही ते ठरवत नाही. लोहाराच्या दुकानातला भाता पाहिलाय ना? भाता उत्तम असला तरी तो ओढणारा माणूस नसेल तर विस्तव पेटत नाही. आपल्या शरीरात हा भाता ओढणारा छातीत बसलेला नाही, तो बसलाय डोक्यात.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. मेंदूला इजा झाली किंवा मेंदूत दाह पेटला, तर त्याची झळ फुफ्फुसापर्यंत पोहोचते. आणि उलटंही घडतं. फुफ्फुसाच्या आजाराची ठिणगी मेंदूत जाऊन पडते आणि तिथून श्वासाचा ठेका बिघडवते. म्हणून श्वास बिघडला की नुसती छाती तपासून भागत नाही, आणि डोक्याला मार लागला की नुसतं डोकं पाहून भागत नाही. आता तुम्ही म्हणाल, "अरे बाबा, हा मेडिकलवाल्यांचा विषय. तू इन्स्ट्रुमेंटेशनचा, तुला काय करायचंय?" करायचंय. का, ते वाचता वाचता कळेल. आणि शेवटी मी जे मागणार आहे ते डॉक्टरांकडे नाही, तुमच्याकडे आणि आपल्या रेक्टर सरांकडे मागणार आहे.

कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्याच लेक्चरला फळ्यावर एक आकृती येते. प्लँट, सेन्सर, कंट्रोलर आणि मागे वळून येणारा फीडबॅकचा बाण. आपण ती आकृती जर्नलमध्ये पन्नास वेळा उतरवतो. शरीरात ती जशीच्या तशी आहे. छाती, श्वासपटल आणि फुफ्फुसं हा झाला प्लँट. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी रक्तातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर आहेत. फुफ्फुस किती ताणलं गेलं ते सांगणारे सेन्सर फुफ्फुसातच आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढला की लगेच ओळखणाऱ्या चेतापेशी मेंदूत आहेत. आणि कंट्रोलर म्हणजे मेंदूचा अगदी खालचा भाग, पाठीच्या कण्याकडे उतरणारा देठ. त्याला मेंदूस्तंभ म्हणतात. फुफ्फुसांकडून वर बातम्या आणणारी मोठी केबल म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. गंमत म्हणजे या केबलमधले बहुतेक धागे बातम्या वर नेणारे आहेत, हुकूम खाली आणणारे कमी. कंट्रोलर आधी भरपूर ऐकतो, मग बोलतो. (आपल्याकडे उलटं असतं, असो!)

श्वासाचा मूळ ठेका धरणारा चेतापेशींचा एक छोटा पुंजका १९९१ साली उंदरांच्या पिलांवरच्या प्रयोगांत सापडला. त्याचं नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. शेजारच्या भागाला 'बॉट्झिंगर' हे नाव त्याआधीच पडलं होतं, तेही जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर आलेल्या वाईनच्या बाटलीवरून! म्हणजे मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा नावं ठेवताना आपल्या गॅदरिंगच्या कमिटीसारखेच वागतात. पण त्या इवल्याशा पुंजक्यावर आपला प्रत्येक श्वास अवलंबून आहे. आपण झोपेत असलो, पी.एल.मध्ये नाईट मारून पुस्तकावर डोकं ठेवून पडलो असलो, तरी त्याची ड्युटी चालूच.

प्लँट धडधाकट आणि कंट्रोलर निकामी, असं झालं तर काय होतं? याचं इतिहासातलं सर्वांत मोठं उदाहरण १९५२ सालचं, डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरातलं. तिथे पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूस्तंभातल्या चेतापेशींवर हल्ला करतो. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये पहिल्या काही आठवड्यांत श्वास घेता न येणाऱ्या ३१ रुग्णांना त्या काळच्या यंत्रांवर ठेवलं, त्यातले २७ दगावले. डॉक्टरांना वाटत होतं की रोगच इतका भयानक आहे की आता इलाज नाही. तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं वेगळा विचार केला. तो म्हणाला, हे रुग्ण श्वास पुरेसा होत नसल्यामुळे मरत आहेत, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. फुफ्फुसात हवा आपण ढकलू. त्यानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हातानं दाबायला सुरुवात केली. मुलगी वाचली.

पण एवढ्या रुग्णांसाठी पिशव्या दाबणार कोण? यंत्रं नव्हती. मग मेडिकल आणि डेंटलच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे रुग्णांच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. आपल्याच वयाची पोरं! मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा जन्म या घटनेतून झाला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इब्सेनचं निदान. बिघाड भात्यात नाही, भाता ओढणाऱ्यात आहे, हे त्यानं ओळखलं.

पोलिओत चेतापेशी विषाणूनं मारल्या. पण चेतापेशी जिवंत असताना, नुसत्या आजूबाजूच्या दाहामुळे कंट्रोलर बिघडू शकतो का? इथे आपल्या मूळ विषयाला हात घालू.

दाह म्हणजे काय तर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनं दिलेलं उत्तर. पायात काटा मोडला की तिथे लाल होतं, सुजतं, ठणकतं, तेच. यात पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप पाठवतात. या निरोप्यांना सायटोकाईन्स म्हणतात. इंटरल्युकिन-१ बीटा हा त्यातला एक नावाजलेला निरोप्या. फार वर्षं अशी समजूत होती की मेंदू हे या भानगडीपासून अलिप्त असलेलं राखीव क्षेत्र आहे. खरं तर मेंदूचे स्वतःचे राखणदार आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात आणि स्पेनच्या पिओ देल रिओ होर्तेगा यानं ते १९१९ मध्येच दाखवून दिले होते. मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या आहेत आणि त्या प्रतिकारयंत्रणेशी जोडलेल्या आहेत, हे मात्र उंदरांमध्ये २०१५ साली ठामपणे पुढे आलं. म्हणजे राखीव क्षेत्राला भिंत आहे हे खरं, पण भिंतीला दारं-खिडक्याही आहेत. मेंदूस्तंभात तर एक जागा अशी आहे की जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत मुळात कच्ची ठेवलेली आहे. रक्तात काही विषारी आलं तर कळावं म्हणून ही सोय. आणि ही जागा कुठे? व्हेगसची केबल जिथे मेंदूत शिरते त्या केंद्राच्या अगदी शेजारी!

आता क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग ऐका. तो २०२० मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त छापून आला. त्यांनी उंदरांच्या फुफ्फुसांना इजा केली आणि आठवड्याभरानं पाहिलं. उंदीर जलद श्वास घेत होते. यात नवल नाही. फुफ्फुस दुखावलंय, सेन्सर ओरडतायत, कंट्रोलर वेग वाढवणारच, असं आपण म्हणू. पण त्यांनी मेंदूस्तंभातल्या श्वासाच्या केंद्रांत पाहिलं तर तिथे दाहाचे निरोपे वाढलेले. मग त्यांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीतून उठलो. त्यांनी फुफ्फुसाकडून आणि रक्तातले वायू मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारे सिग्नल जवळजवळ बंद केले. तरीही बिघडलेला ठेका तसाच राहिला!

ट्रबलशूटिंगच्या प्रॅक्टिकलला आपल्याला हेच शिकवतात ना? सेन्सरची वायर काढ, आऊटपुट बघ. सेन्सर काढल्यावरही आऊटपुट चुकीचं येत असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे. त्यांनी याच्याही पुढची पायरी घेतली. इंटरल्युकिन-१ बीटा हा निरोप्या व्हेगसच्या केंद्रात अगदी सूक्ष्म प्रमाणात टोचला, तर फुफ्फुसाला इजा झालेल्या उंदरांसारखाच ठेका मिळाला. आणि फुफ्फुस दुखावलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या द्रवात दाह कमी करणारं इंडोमेथॅसिन हे औषध सोडलं, तर ठेक्यातला बिघाड कमी झाला. फॉल्ट घालून पाहिला, फॉल्ट काढून पाहिला. एवढ्या स्वच्छ पद्धतीचं फॉल्ट फाइंडिंग आपल्या लॅबमध्येही क्वचित होतं.

यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली. त्या आजारी उंदरांचा श्वास नुसता जलद नव्हता, तो जास्त एकसुरी होता. पुढचा श्वास कसा येणार याचा अंदाज सहज बांधता यावा इतका. आपल्याला मशीनमध्ये एकसारखेपणा म्हणजे क्वालिटी वाटते. शरीराचं तसं नाही. निरोगी माणसाचा श्वास दर वेळी थोडा वेगळा असतो, कारण कंट्रोलर सतत ऐकून जुळवून घेत असतो. श्वास जेव्हा घड्याळासारखा टक् टक् चालू लागतो, तेव्हा कंट्रोलरचं लवचिकपण कमी झालेलं असू शकतं. म्हणजे मॉनिटरवरच्या आकड्याइतकीच त्या आकड्यांची चाल महत्त्वाची.

अर्थात हे उंदीर होते. माणसात हे सगळं अगदी असंच घडतं असा दावा मी करणार नाही, आणि कुणी उद्या खोकल्यावर इंडोमेथॅसिनच्या गोळ्या घेऊ नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

आता उलट्या दिशेनं पाहू, डोक्यातून छातीकडे. डोक्याला जबर मार बसला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मोठी फिट आली, की काही रुग्णांच्या फुफ्फुसात काही मिनिटांत किंवा तासांत पाणी साठतं. छातीला खरचटलेलंही नसतं! मेंदूतून ॲड्रेनॅलिनच्या कुळातल्या रसायनांची एकदम लाट सुटते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो आणि फुफ्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो. त्यात दाहाची भर पडते. अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठातल्या गटानं २०१८ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की, मार लागलेल्या मेंदूतून दाहाची यंत्रसामग्री भरलेल्या सूक्ष्म पुड्या रक्तात सुटतात आणि फुफ्फुसात जाऊन तिथे दाह पेटवतात. म्हणजे आग लागली वरच्या मजल्यावर, ठिणग्या उडाल्या खालच्या मजल्यावर.

पक्षाघाताचंही असंच. माझे आजोबा गावी पक्षाघातानं आजारी पडले तेव्हा मी सेकंड इयरला होतो. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला, छाती घरघरू लागली. न्यूमोनिया. घरात लगेच चर्चा सुरू. काका म्हणाले, दवाखान्यातल्या एसीनं झालं. आत्या म्हणाली, शेजारच्या पेशंटचं लागलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "अर्धांगाच्या पेशंटला हे खूपदा होतं. गिळायची ताकद गेलेली असते, थुंकी आणि चहा-पाणी श्वासनलिकेत उतरतं. शिवाय मेंदूला धक्का बसला की प्रतिकारशक्तीही खाली जाते." दुसरं वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. मेंदूला धक्का आणि प्रतिकारशक्ती खाली? नंतर वाचलं तेव्हा कळलं की बर्लिनच्या संशोधकांनी २००३ मध्ये नेमकं हेच उंदरांमध्ये दाखवलं होतं. पक्षाघात घडवलेल्या उंदरांच्या प्रतिकारपेशी झपाट्यानं घटल्या आणि काही दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला. प्रोप्रॅनोलॉल नावाचं, ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारं जुनं औषध दिलं, तर संसर्ग कमी झाले आणि जास्त उंदीर जगले. म्हणजे मेंदूच प्रतिकारयंत्रणेला "गप्प बसा" असा हुकूम देत होता आणि त्याची किंमत फुफ्फुस मोजत होतं.

मेंदू असा हुकूम का देत असेल? दाह हाताबाहेर जाऊ नये म्हणून. न्यूयॉर्कजवळ काम करणाऱ्या केविन ट्रेसी यांच्या गटानं २००० साली दाखवलं की, व्हेगसला विजेचे सौम्य झटके दिले तर उंदरांच्या शरीरातला दाह आटोक्यात येतो. २००२ मध्ये त्यांनी या फीडबॅक लूपला 'दाहाची प्रतिक्षिप्त क्रिया' असं नाव दिलं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तशीच ही क्रिया, फक्त स्नायूऐवजी प्रतिकारपेशींवर. ही गोष्ट प्रयोगशाळेत पडून राहिली नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं रुमॅटॉइड संधिवातासाठी मानेतल्या व्हेगसवर बसवायच्या एका छोट्या विद्युत उपकरणाला मान्यता दिली. गोळीच्या जागी सर्किट! फुफ्फुसांसाठी असं उपकरण अजून बाजारात नाही. पण ते कधी आलं तर त्यात इलेक्ट्रॉनिक्स असेल, बॅटरी असेल, अल्गोरिदम असेल, पॅकेजिंग असेल. हे कोण करणार? मी काय करतोय या विषयात, त्याचं एक उत्तर हे.

पण इथे आपल्या जमातीला एक इशारा द्यायलाच हवा. आपल्याला वाटतं, व्हेरिएबल सापडला ना? मग तो कमी करून टाक, विषय संपला. दाह वाईट ना? दाबून टाका! शरीर असं ऐकत नाही. डोक्याला मार लागलेल्यांना दाह दाबणारी स्टेरॉइड्स द्यावीत, असं अनेक वर्षं मानलं जायचं. दहा हजारांवर रुग्णांवर 'क्रॅश' नावाची चाचणी झाली. २००४ मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. औषधानं मृत्यू वाढले! आणि त्याच कुळातलं डेक्सामेथासोन २०२० मध्ये कोविडच्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करून गेलं. तेही ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना उपयोगाचं ठरलं नाही. पक्षाघाताच्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देऊन पाहिली, २०१५ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तर रुग्णांच्या प्रकृतीत शेवटी फरक पडला नाही. म्हणजे दाह शत्रू नाही आणि मित्रही नाही. तो लूपमधला एक सिग्नल आहे. गेन कुठे, केव्हा आणि किती बदलायचा, हे न कळता नॉब फिरवला तर सिस्टिम कोसळते. हे वाक्य आपल्या कंट्रोलच्या पुस्तकातही शोभेल.

हे सगळं कोपनहेगन, क्लीव्हलँड असं लांबलांबचं वाटत असेल, तर जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण धडाधड सापडू लागले. त्या भागात कॉलेजं किती आणि कॉटबेसिसवर राहणारी पोरं किती, हे वेगळं सांगायला नको. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढता लढता काहींची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटली. इथे हल्ला मेंदूच्या आत नव्हता, बाहेर पडणाऱ्या वायरींवर होता. पण धडा तोच. पाय लटपटायला लागले, ताकद जात जात वर सरकली आणि काहींच्या श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली. फुफ्फुसं ठणठणीत असलेली माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावलीही. जुलाब झाले होते दोन आठवड्यांपूर्वी, आणि श्वास अडकला आज! पोट, मज्जातंतू आणि छाती यांचा संबंध लावता आला नाही, तर कुणीही म्हणणार, "अशक्तपणा आलाय, इलेक्ट्रॉल पी."

आणि आता मुद्द्यावर येतो. आपल्या होस्टेलवर आजारपण म्हणजे काय असतं? रूमवर झोपून राहणं, रूम पार्टनरनं मेसमधून आणलेला डबा, आणि ऑफिसमधली पॅरासिटामॉल. बाईकवरून पडून डोकं आपटलं तर "उलटी नाही ना झाली? मग झोप, सकाळी बघू." पार्टीनंतर एखादा शुद्धीत नसेल तर "झोपू दे त्याला, उतरेल." मी कुणाला दोष देत नाही. ही आपल्या सगळ्यांची रीत आहे. पण वर लिहिलेलं सगळं खरं असेल, तर ही रीत धोक्याची आहे. कारण मेंदूत काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही, पण श्वास दिसतो. मेंदूची अवस्था सांगणारं, कसलंही उपकरण न लागणारं ते एक मीटर आहे. ते वाचायला शिकलं पाहिजे.

म्हणून थोडं अगदी व्यवहाराचं सांगतो. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण मिनिटाला १२ ते २० असतात. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण लय बिघडली असेल तर गुणाकार फसवतो. श्वास पंचविशीच्या वर जातोय, मधेच थांबतोय, घरघर किंवा विचित्र घोरणं ऐकू येतंय, माणूस हलवून नीट जागा होत नाही, बरळतोय, तापासोबत मान आखडलीय, किंवा दोन्ही पायांतली ताकद जातेय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर जरूर लावा, पण त्यावर ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. श्वासाची ताकद जाताना तो आकडा खूप उशिरा पडतो. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू सरबत, कॉफी, काही म्हणजे काही घालायचं नाही. ते पोटात जाईलच असं नाही, फुफ्फुसात जाईल. शुद्ध नसेल आणि श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. पडून मार लागला असेल तर मान आणि धड एका रेषेत ठेवून सावकाश वळवा, आणि एकटं सोडू नका.

रेक्टर सरांकडे आणि प्रशासनाकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. एक, प्रत्येक होस्टेलला रात्री उघडी असणारी सिक रूम हवी आणि तिथे थर्मामीटरच्या जोडीला ऑक्सिमीटर, हातानं दाबायची श्वासाची पिशवी आणि ती वापरता येणारा माणूस हवा. दोन, दर जुलैत नवीन बॅच आली की अँटी-रॅगिंगच्या फॉर्मबरोबर एक तासाचं प्रथमोपचार प्रशिक्षण सक्तीचं करावं, वॉचमन काका आणि मेसच्या मावशींसकट. रात्री दोन वाजता पहिल्यांदा दरवाजा उघडणारे तेच असतात. तीन, शहरातल्या मेडिकल कॉलेजबरोबर प्रोजेक्टसाठी रीतसर करार करावा. बी.ई.ला लाईन फॉलोअर रोबो आणि आर.एफ.आय.डी. अटेंडन्स पुष्कळ झाले. छातीच्या पट्ट्यातला साधा सेन्सर, स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर आणि श्वासांचा आकडा न दाखवता श्वासांची चाल दाखवणारा प्रोग्रॅम, हा प्रोजेक्ट आपल्या आवाक्यातला आहे. तो वॉर्डात चालेल की नाही हे डॉक्टर सांगतील. पण विचारायला तरी जाऊ या.

आपण ब्रँचनुसार जगतो. मेकॅनिकलवाला कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये फिरकत नाही, सिव्हिलवाल्याला ट्रॉनिक्सचं काय चाललंय ते माहीत नसतं. वैद्यकातही तसंच, छातीचा डॉक्टर वेगळा, मेंदूचा वेगळा. ही विभागणी आपण सोयीसाठी केली. शरीरानं ती मान्य केलेली नाही. तिथे मेंदू फुफ्फुसाशी बोलतो, फुफ्फुस प्रतिकारपेशींशी बोलतं, आणि प्रतिकारपेशी पुन्हा मेंदूला निरोप धाडतात. एका वायरवर भार आला की तिसरीकडचा दिवा मंद होतो.

कोपनहेगनच्या त्या दीड हजार पोरांना मेंदूस्तंभातला दाह समजत नव्हता. त्यांना पिशवी दाबता येत होती आणि समोरच्याचा श्वास मोजता येत होता. तेवढ्यावर माणसं जगली. आपल्यालाही तेवढं येऊ दे. आणि हो, गेटवरचा वॉचमन बघतोय म्हणून कोपरात अडकवलेलं ते हेल्मेट जरा डोक्यावर चढवा. डोक्यासाठी घालाच, फुफ्फुसांसाठीही घाला!